घोड्यावर न बसणारा राजा

इस्राएलचे वडीलधारे राजा मागायला रामा गावी आले, तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्यांना आधी खर्च ऐकवला. राजा तुमची पोरं रथांपुढे धावायला नेईल, पोरींना स्वयंपाकघरात राबवेल, चांगल्या जमिनी आपल्या माणसांना वाटेल, पिकाचा दहावा हिस्सा उचलेल. तरी लोक हटून बसले. राजा म्हणून शौलाच्या डोक्यावर तेल ओतलं गेलं, पुढे दावीदाच्या. मसीहा म्हणजे असा तेलाने अभिषिक्त झालेला.

राजाबद्दलचा हा संशय बायबलमध्ये अखेरपर्यंत टिकतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. ‘अनुवाद’ या ग्रंथात राजासाठी नियमच आहेत: घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनंरुपं साठवू नये आणि नियमशास्त्राची प्रत लिहून जन्मभर वाचावी. राजाच कायदा देतो असं मानणाऱ्या त्या काळात इथे राजा कायद्याखाली उभा आहे. घोडा म्हणजे तेव्हा रथ, आणि रथ म्हणजे सैन्य. बायबल सांगतं की दावीदाचा मुलगा शलमोन याच्याकडे 1400 रथ होते आणि घोडे मिसरातून येत. त्याच्या पश्चात, इ.स.पू. 930च्या सुमारास, वेठीला कंटाळलेल्या उत्तरेकडच्या वंशांनी वेगळं राज्य मांडलं. ते इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरांनी बुडवलं, दक्षिणेतल्या राज्याची राजधानी यरुशलेम इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलने जाळली.

शांतीच्या राजाची, म्हणजे येणाऱ्या मसीहाची, आशा याच पडझडीत वाढली. यशयाच्या ग्रंथात दावीदाच्या घराण्याच्या तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटतो. लांडगा कोकराशेजारी राहील, हे चित्र सगळ्यांना आठवतं. पण त्याआधीच्या ओळींत तो राजा गरिबांचा न्याय करतो. क्रम महत्त्वाचा आहे: न्याय आधी, शांती मागाहून. जखऱ्याच्या ग्रंथातला राजा तर गाढवावर बसून येतो आणि यरुशलेमातले युद्धाचे घोडे नाहीसे होतात.

आपल्याकडे गाढवावरून धिंड निघते, म्हणून हे दृश्य चटकन अपमानाचं वाटतं. तिथे तसं नव्हतं. जुन्या इस्राएलात न्यायाधीशांची मुलं गाढवांवर फिरत. येशू गाढवावरून यरुशलेमात शिरला आणि लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, तेव्हा पाहणाऱ्यांना त्यात राजा दिसला, पण रोमच्या शिपायांपुढे शस्त्र न उचलणारा.

येशूच तो मसीहा, असं ख्रिस्ती लोक मानतात. यहुद्यांनी विचारलं, आजही विचारतात: लढाया थांबल्या नाहीत, मग मसीहा आला कसा? प्रश्न रास्त आहे. ख्रिस्ती उत्तर असं, की त्याचं राज्य सुरू झालं आहे, पूर्ण व्हायचं आहे. तो पुन्हा येईल. हे उत्तर श्रद्धेचं आहे आणि ते देणाऱ्यावर मोठी जबाबदारी टाकतं. पहिल्या शतकांतल्या तर्तुल्यनसारख्या लेखकांनी ती ओळखून ख्रिस्ती माणसाने सैन्यात जाण्याला विरोध केला. पुढे युरोपातल्या ख्रिस्ती राजांनी दावीदासारखा तेलाचा अभिषेक करवून घेतला, उदाहरणार्थ फ्रँकांचा राजा पेपिन याने 751 मध्ये. मात्र घोड्यांविषयीचा नियम त्यांनी पाळला नाही.