‘हाय’ म्हटलं, आता पुढे काय?

तीन बटणं, वीस अक्षरं आणि समोर वैतागलेला कस्टमर. चॅटवरचे मेसेज लिहिणं ही आता ऑफिसमधली नवी कला आहे, बॉस!

आपली पिढी तशी फोनला घाबरणारी. म्हणजे फोन चोवीस तास हातात, पण तो वाजला की पोटात गोळा! ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणणारी ती रेकॉर्डेड बाई आणि त्यानंतरचं न संपणारं संगीत कुणाला हवंय? त्यापेक्षा चॅट बरं. आपण ‘हाय’ टाइप करायचं, समोरून टपकन उत्तर येतं, खाली बटणं. एक दाबलं की पुढचा प्रश्न. चार-पाच क्लिक आणि काम फत्ते.

निदान तसं व्हायला हवं. पण कधी कधी त्याच तीन बटणांत आपण असे गरगरतो की अभिमन्यूची आठवण यावी. आत शिरायचं कळतं, बाहेर कसं पडायचं ते नाही. बरं, हा चक्रव्यूह कुणी आकाशातून टाकलेला नसतो. कुणीतरी ऑफिसात बसून तो लिहिलेला असतो. आणि तुम्ही मार्केटिंग, एचआर किंवा कस्टमर सपोर्टमध्ये असाल, तर उद्या बॉस हे काम तुमच्याच टेबलावर टाकण्याची शक्यता दाट. ‘कोडिंग टेक टीम बघेल, मजकूर तेवढा तू लिही ना!’

तेवढा मजकूर म्हणजेच सगळं काही असतं. तेव्हा आधी नियम बघू.

तीन बटणांचा फंडा

व्हॉट्सअॅपचंच घ्या. त्यांचं छोट्या दुकानदारांसाठीचं बिझनेस अॅप जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांसाठी वेगळी सोय झाली. कंपन्यांच्या या सोयीत उत्तराची बटणं एका मेसेजखाली जास्तीत जास्त तीन. एका बटणावर जास्तीत जास्त वीस अक्षरं. पर्याय जास्त असतील तर उघडणारी यादी, पण तिच्यातही दहाच ओळी. २०२३ मध्ये मुंबईतल्या कार्यक्रमात जाहीर झालेल्या ‘फ्लोज’मुळे चॅटमध्येच अख्खा फॉर्म भरता येऊ लागला.

वीस अक्षरं खूप वाटतात? मराठीत लिहून बघा. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजतो. ‘अपॉइंटमेंट बदलायची आहे’ हे बावीस भरतं. आउट! ‘वेळ बदला’ मात्र आठात बसतं आणि वाचायलाही सोपं. म्हणजे ही मर्यादा आपल्याला साधं मराठी लिहायला लावते. एका अर्थानं उपकारच.

मेट्रोचं जमतं, कारण...

बेंगळुरूच्या ‘नम्म मेट्रो’नं १ नोव्हेंबर २०२२ ला व्हॉट्सअॅपवर तिकीट द्यायला सुरुवात केली. मुंबईच्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोनंही त्याच वर्षी हा मार्ग धरला. तिकिटासाठी हे छान चालतं, कारण प्रश्न मोजकेच असतात. कुठून? कुठे? किती जण? पैसे भरा, क्यूआर कोड घ्या, सुटा. प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते.

आता मुंबई महापालिकेचं बघा. जानेवारी २०२२ मध्ये पालिकेनं चॅटबॉट सुरू केला, तो ८० हून जास्त सेवांसाठी. एका यादीत दहाच ओळी मावतात, मग ८० सेवांचे आधी गट पाडणं आलं. आणि गट कुणाच्या डोक्यानं पाडायचे, हाच खरा प्रश्न. ऑफिसच्या खात्यांप्रमाणे की नागरिकाच्या अडचणीप्रमाणे? घराबाहेर पाणी तुंबलेल्या माणसाला ते काम कुठल्या खात्याचं, हे ठाऊक नसतं. त्याला फक्त पाणी दिसतं.

रिसेप्शनिस्टला चहा पाजा

समजा, तुमच्या मैत्रिणीचं कोथरूडला दातांचं क्लिनिक आहे आणि चॅट लिहिण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. पहिला मोह काय होतो? ‘आमच्याविषयी’, ‘आमच्या सेवा’, ‘ऑफर्स’. तीनही बटणं संपली आणि पेशंटला हवं ते एकही नाही!

त्यापेक्षा एक दिवस रिसेप्शनिस्टच्या शेजारी बसा. तिला चहा पाजा आणि फोनवर लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कुणीही ‘मला एंडोडॉन्टिक कन्सल्टेशन हवंय’ म्हणत नाही. लोक म्हणतात, ‘दाढ ठणकतेय हो, आज बघतील का?’ झालं, तुमची बटणं तयार: ‘वेळ घ्या’, ‘वेळ बदला’, ‘दात दुखतोय’.

यातलं तिसरं बटण सगळ्यांत महत्त्वाचं. त्यानंतर एकही प्रश्न विचारू नका. थेट माणसाला जोडा किंवा फोन नंबर द्या. रात्री अकरा वाजता गाल धरून बसलेल्या माणसाला ‘कृपया तुमचा वयोगट निवडा’ म्हणणं हा छळ आहे.

‘वेळ घ्या’ दाबणाऱ्याला मात्र सावकाश न्या. आधी सकाळ, दुपार की संध्याकाळ. मग त्यातल्या मोकळ्या वेळांची यादी. एका मेसेजमध्ये एकच प्रश्न. शेवटी सगळं एकत्र वाचून दाखवा: ‘शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा. बरोबर?’ खाली ‘हो, पक्कं’ आणि ‘बदल करा’. हे दुसरं बटण विसरलात, तर एका चुकीच्या क्लिकसाठी बिचाऱ्याला पुन्हा ‘हाय’पासून सुरुवात.

एक खास मराठी गोची. आदल्या दिवशीच्या आठवणीच्या मेसेजखाली ‘येतोय’ लिहिलंत तर अर्ध्या पेशंट खट्टू होतील. ‘येतोय/येतेय’ हे सरकारी फॉर्मसारखं दिसतं. ‘हो, येणार’ लिहा, सगळ्यांना चालतं. इंग्रजीतून जसंच्या तसं उचललं की असे खडे दाताखाली येतातच.

चोवीस तासांचं घड्याळ

हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. कस्टमरनं शेवटचा मेसेज केल्यापासून चोवीस तास कंपनी त्याच्याशी मोकळेपणानं बोलू शकते. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेले ठरावीक मेसेजच पाठवता येतात. म्हणजे शनिवारी रात्री आलेल्या तक्रारीला सोमवारी सकाळी उत्तर द्यायला बसाल, तर दार बंद! तेव्हा आठवणीचे आणि ‘उशीर झाला, माफ करा’ छापाचे मेसेज आधीच लिहून मंजूर करून ठेवा.

बॉट बोलला, कंपनीनं भरलं

‘बॉट आहे, चुकला तर चुकला’ असं वाटत असेल तर कॅनडातलं एक प्रकरण वाचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका माणसाची आजी वारली. तातडीनं विमानानं जायचं होतं. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं सांगितलं की आत्ता तिकीट काढा, जवळच्या नातलगाच्या निधनासाठीची सवलत नंतर ९० दिवसांत मागता येईल. कंपनीचा खरा नियम उलटा होता, प्रवास झाल्यावर ही सवलत मिळत नव्हती. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या लवादापुढे गेलं. कंपनीचं म्हणणं काय, तर चॅटबॉट ही कायद्यानं वेगळी व्यक्ती, तिच्या बोलण्याची जबाबदारी तिचीच! लवादानं ते साफ फेटाळलं. वेबसाइटवर जे काही आहे ते कंपनीचंच, असं म्हणत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर भरायला लावले.

रक्कम किरकोळ आहे. पण तो माणूस घरातल्या दुःखाच्या प्रसंगी त्या उत्तरावर विसंबला होता. चॅटमधली ओळ म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द असतो. त्यामुळे पैसे, तारीख आणि नियम यांच्या ओळी सुचल्या तशा लिहायच्या नाहीत, संबंधित खात्याकडून तपासून घ्यायच्या. आणि खातं नियम बदलेल तेव्हा ती ओळही त्याच दिवशी बदलायची.

माणूस कुठाय?

१९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तो बहुतेक वेळा समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले. खुद्द वायझनबॉम चक्रावले. पलीकडे कुणीतरी आहे असं माणसाला फार पटकन वाटतं. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाका की हे ऑटोमॅटिक उत्तर आहे, आणि ‘माणसाशी बोला’ हा रस्ता कुठल्याही पायरीवर उघडा ठेवा. बॉट दोनदा गोंधळला तर तिसऱ्यांदा ‘माफ करा, समजलं नाही’ नको, सरळ माणूस हवा. आणि त्या माणसाला आधीचं चॅट दिसलं पाहिजे. सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावण्याइतकं डोकं फिरवणारं दुसरं काही नाही.

‘पाठवा’ दाबण्याआधी

● ‘आपली विनंती प्रक्रियेत आहे’ म्हणजे काय? ‘तुमचे पैसे शुक्रवारपर्यंत बँकेत जमा होतील’ असं सांगा.
● ओटीपी, पिन, कार्डाचा नंबर चॅटमध्ये मागू नका. एकदा सवय लागली की लोक तो भामट्यालाही देतील.
● प्रत्येक पायरीवर ‘मागे’ जाता यायला हवं.
● मराठी निवडणाऱ्याला शेवटपर्यंत मराठीच मिळू दे. तिसऱ्या मेसेजला इंग्रजी सुरू होणं म्हणजे फसवणूक.
● चाचणी टीममधल्या हुशार मुलाकडून नको, आईकडून करून घ्या. शेजारी बसा, पण तोंडातून अवाक्षर काढू नका. ती जिथे अडेल आणि ‘आता काय करू रे?’ विचारेल, तिथली ओळ पुन्हा लिहा.

चांगलं चॅट कुणी वाखाणत नाही. लोक काम करून निघून जातात, ‘थँक्यू’सुद्धा म्हणत नाहीत. तसं झालं की समजा, तुमची तीन बटणं बरोबर लागली!