राजाज्ञा आणि अलिखित कायदा

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ग्रीसमधील अथेन्स या नगरराज्यात लोकशाही नांदत होती. राज्याचे निर्णय नागरिकांची सभा घेत असे आणि खटल्यांचे निवाडे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नागरिकांची मोठी न्यायमंडळे करीत. हेच नागरिक दरवर्षी वसंत ऋतूत, डायोनायसस या देवाच्या उत्सवात, अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर हजारोंच्या संख्येने जमत आणि शोकांतिका पाहत. कायदा करणारे आणि तो लागू करणारेच येथे प्रेक्षक असत. त्यामुळे माणसाने केलेल्या कायद्याचा अधिकार कोठवर पोचतो, हा प्रश्न ग्रीक शोकांतिकेत पुन्हा पुन्हा उभा राहिला, यात नवल नाही. त्याचे सर्वांत तीव्र रूप सोफोक्लीज या नाटककाराच्या ‘अँटिगनी’ या नाटकात दिसते. हे नाटक इ.स.पू. ४४१ च्या सुमारास प्रथम रंगभूमीवर आले.

नाटकाची कथा थीब्ज नगरात घडते. राजा इडिपस याच्या दोन मुलांमध्ये गादीसाठी तंटा होतो. पॉलिनायसीज हा आर्गोसचे सैन्य घेऊन स्वतःच्याच नगरावर चालून येतो. इटिओक्लीज नगराच्या रक्षणासाठी लढतो. दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मारले जातात आणि सत्ता त्यांचा मामा क्रेऑन याच्याकडे येते. क्रेऑन दवंडी पिटवतो : इटिओक्लीजचे दफन सन्मानाने व्हावे, पॉलिनायसीजचा देह मात्र कुत्र्यांसाठी आणि गिधाडांसाठी उघड्यावर पडू द्यावा. त्याला मूठमाती देणाऱ्यास दगडांनी ठेचून मारण्यात येईल. मृतांची बहीण अँटिगनी ही आज्ञा मोडण्याचे ठरवते. तिची बहीण इस्मिनी भीतीपोटी मागे राहते. अँटिगनी एकटीच जाऊन भावाच्या देहावर माती टाकते. पहारेकरी ती माती झाडून टाकतात, तेव्हा ती पुन्हा येते आणि पकडली जाते.

मूठभर मातीला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी ग्रीकांची श्रद्धा ध्यानात घ्यावी लागते. अंत्यसंस्कार न झालेल्या मृताला पाताळलोकात विसावा मिळत नाही, असे ते मानीत. मृतदेहाला स्नान घालणे आणि त्याच्यासाठी शोक करणे हे घरातील स्त्रियांचे कर्तव्य होते. या बाबतीत अथेन्सचे नागरिक किती हळवे होते, हे पुढील एका घटनेवरून कळते. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्जिन्युसी बेटांजवळची सागरी लढाई अथेन्सने जिंकली. तरीही, बुडत असलेल्या सैनिकांना वाचवले नाही आणि मृतांचे देह परत आणले नाहीत, या आरोपावरून सहा विजयी सेनापतींना देहदंड देण्यात आला.

तथापि क्रेऑनला केवळ दुष्ट ठरवून मोकळे होणे योग्य नव्हे. यादवी युद्धातून नुकत्याच वाचलेल्या नगराचा तो प्रमुख आहे. नगर तगले तरच नागरिक तगतील आणि म्हणून आप्तेष्टांपेक्षा राज्य मोठे, ही त्याची भूमिका अनेक अथेन्सवासीयांना पटणारी होती. प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनीज याने इ.स.पू. ३४३ मध्ये एका खटल्यात क्रेऑनचे हेच भाषण न्यायमंडळापुढे वाचून दाखवण्यास लावले, ते राज्यकर्त्याच्या कर्तव्याचा आदर्श म्हणून. देशद्रोह्याचे दफन मायभूमीत होऊ न देण्याचा कायदा खुद्द अथेन्समध्येही होता. मात्र त्या कायद्याने सीमेबाहेर दफन करण्याची वाट मोकळी राहत असे. क्रेऑन ही वाटही बंद करतो. शत्रूला नगराबाहेर ठेवण्यावर तो थांबत नाही. मृताला मृतांच्या जगातही जाऊ देत नाही.

अँटिगनीचे उत्तर याच मर्यादेवर बोट ठेवते. आज्ञा ठाऊक होती, असे ती निर्भयपणे कबूल करते. परंतु ती आज्ञा झ्यूसने दिलेली नव्हती, आणि मर्त्य माणसाच्या दवंडीत देवांचे अलिखित, अढळ कायदे रद्द करण्याचे बळ असू शकत नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. येथे शब्दांची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. क्रेऑन आपल्या आज्ञेला ‘कायदा’ म्हणतो. अँटिगनी तिला ‘दवंडी’ म्हणते. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात याच प्रसंगाचा दाखला दिला आहे. प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा असतो, आणि त्याशिवाय सर्व माणसांना निसर्गतः समान असलेला दुसरा कायदा असतो, हा भेद तो अँटिगनीच्या कृतीवरून स्पष्ट करतो.

संघर्ष येथवर दोन तत्त्वांचा आहे. तो शोकांतिकेकडे वळतो, कारण क्रेऑन ऐकण्याचे नाकारतो. त्याचा मुलगा हीमॉन अँटिगनीचा वाग्दत्त वर आहे. सारे नगर तिच्यासाठी हळहळत आहे आणि एकाच माणसाच्या मालकीचे नगर हे नगरच नव्हे, असे तो पित्याला समजावतो. क्रेऑन त्याला धुडकावतो आणि अँटिगनीला एका गुहेत जिवंत कोंडतो. अखेरीस अंध द्रष्टा टायरेसिअस येतो. पक्ष्यांनी व कुत्र्यांनी त्या देहाचे मांस वेदींवर आणून टाकले आहे आणि देव आता बळी स्वीकारीत नाहीत, असे तो सांगतो. जिवंताला भूमीखाली आणि मृताला भूमीवर ठेवून क्रेऑनने जगाचा क्रम उलटा केला आहे, हा त्याचा आरोप नाटकाचा गाभा उघड करतो. घाबरलेला क्रेऑन आधी मृताचे दफन करतो आणि मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. तिच्याशेजारी हीमॉन आत्महत्या करतो आणि ते ऐकून राणी युरिडिसीही जीव देते. राज्य वाचवू निघालेल्या राजाचे घर ओस पडते.

संपूर्ण नाटकात एकही देव रंगमंचावर येत नाही. ज्या देवांसाठी अँटिगनी उभी राहते, ते तिला वाचवत नाहीत. या एकटेपणाची खंत मृत्यूकडे जाताना तीही व्यक्त करते. मानवी कायद्यामागे पहारेकरी आणि शिक्षा असते. अलिखित कायद्यामागे असे काहीच नसते. कोणीतरी माणूस त्याची किंमत मोजण्यास तयार झाला, तरच तो जगात दिसू लागतो.

मग अलिखित कायद्याच्या नावाने कोणीही काहीही करावे काय? अथेन्सने याचाही अनुभव घेतला. तीस जुलमी सत्ताधीशांची राजवट संपल्यावर, इ.स.पू. ४०३ मध्ये, कायद्यांची फेरतपासणी झाली. लिहून न ठेवलेला कायदा कोणत्याही अधिकाऱ्याने वापरू नये आणि सभेचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा श्रेष्ठ मानू नये, असे तेव्हा ठरले. वरवर पाहता हे अँटिगनीच्या विरुद्ध वाटते. परंतु सत्ताधाऱ्याची लहर आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव दोन्हीकडे एकच आहे. लिखित कायदा राज्यकर्त्याला बांधतो; अलिखित कायदा त्या लिखित कायद्यालाही त्याची मर्यादा दाखवतो.

विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या रॉबेन बेटावरील तुरुंगात राजकीय कैद्यांनी हे नाटक सादर केले. त्यात क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेला यांनी केली होती. वर्णभेदाच्या अन्यायी कायद्यांशी झुंजणाऱ्या त्या कैद्यांना अँटिगनी आपली वाटली. पुढे १९९४ मध्ये मंडेला स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. तोपर्यंत, रंगमंचावर का होईना, न ऐकणाऱ्या राजाची चूक त्यांनी आतून पाहिलेली होती.