पदकाआधीचा चित्रकलेचा तास

स्वीडनच्या राजघराण्याचं एक पदक आहे, प्रिन्स युजेन यांच्या नावाचं. पाचवे गुस्ताव राजे यांनी १९४५ साली, धाकटे बंधू युजेन यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा, ते सुरू केलं. युजेन स्वतः निसर्गचित्रकार होते. संपादकांनी या पदकावर लिहायला सांगितलं. वाचू लागलो आणि मन मुंबईतल्या जुन्या कलापदकांतच अडकलं.

बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली १८८८ साली. तिच्या प्रदर्शनांवर सुरुवातीला युरोपीय मंडळींचा वरचष्मा होता. तिथं १८९५ साली सुवर्णपदक मिळालं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या महादेव विश्वनाथ धुरंधर यांना. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० मध्ये जे.जे.त शिकायला आला होता. धुरंधरांच्या सुवर्णपदकानंतर पुढच्याच वर्षी शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ला रौप्यपदक मिळालं. पूजेला निघालेली मराठी तरुणी, अंगावर नऊवारी, आणि सगळं प्लास्टरमध्ये. लुगड्याच्या चुण्यांखाली शरीराचा तोल जाणवतो. विशीतल्या मुलाच्या हातून हे झालं, याचं मला आजही नवल वाटतं. जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या इंग्रज जाणकारानं या शिल्पाची तोंडभरून स्तुती केली.

पदकामुळे म्हात्र्यांकडे कामं आली, पण ती बहुतेक राण्या, राजे आणि बड्या माणसांच्या पुतळ्यांची. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही त्यांनी घडवला. कारागिरी उत्तमच, तरी त्या पहिल्या तरुणीचा जिवंतपणा पुन्हा तसा आला नाही, असं माझं मत आहे. मानमरातब देणारेच कामही देतात, तेव्हा कलावंताची वाट तेच ठरवू लागतात.

धुरंधरांनी निराळी वाट धरली. १८९६ पासून ते जे.जे.त शिकवू लागले आणि १९३० मध्ये तिथले पहिले भारतीय संचालक झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मचरित्र. त्या नावात पदक नाही, शाळा आहे.

वर्ध्याकडच्या मुलांना मात्र अशी शाळा जवळ नव्हती: त्या काळी वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता, मुंबई दूरची. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं केळझर लोकांना माहीत आहे ते टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे. तिथल्या एखाद्या मुलाची चित्रकलेतली पहिली पायरी आज शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. खरी काळजी इथंच आहे. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलं परीक्षेला बसतात, आणि गुण पदरात पडले की ब्रश खाली ठेवतात. कलाशिक्षकांची पदं कमी होत गेली. एकच शिक्षक चित्रकला, कार्यानुभव आणि स्नेहसंमेलनाची सजावट सांभाळतो. परीक्षा जवळ आली की गणिताला लागणारा जादा तास हमखास चित्रकलेचा घेतला जातो. धुरंधर आणि म्हात्रे पदकापर्यंत पोचले, कारण त्यांच्या हाताला रोज काम देणारी शाळा होती.

केळझर-सेलू भागातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे: आठवड्यातला चित्रकलेचा तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला देऊ नका.