स्वस्त वाद्यावरील संस्कार

मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ति ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तार आणि घोडी यांच्यामधील सुताच्या धाग्याचें महत्त्व सांगावयास नको. तो धागा केसभर पुढेंमागें सरकला कीं सबंध वाद्याचा नाद पालटतो. हेंच तत्त्व एका अगदीं निराळ्या, विजेच्या साहाय्यानें वाजणाऱ्या पाश्चात्त्य वाद्यासहि कसें लागू पडतें, हें पाहणें उद्बोधक आहे. तें वाद्य म्हणजे इलेक्ट्रिक बास-गिटार. मराठींत सांगावयाचें तर खर्जाची गिटार.

या वाद्याचा प्रसार अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांतून झाला. तत्पूर्वीं वृंदांत खर्जाचें काम डबल-बास करीत असे. तो माणसाएवढा उंच, वाहून नेण्यास अवघड आणि इतर वाद्यांच्या गदारोळांत सहज लोपून जाणारा. फुलर्टन येथें रेडिओ-दुरुस्तीचें दुकान चालविलेल्या लिओ फेंडर या गृहस्थानें १९५१ सालीं त्याच्याऐवजीं गळ्यांत अडकविण्याजोगें, भरीव लांकडाचें वाद्य बाजारांत आणलें. चार तारा, ३४ इंचांची मोकळी तार आणि सतारीप्रमाणें पडदे. पडद्यांमुळें स्वर नेमका लागतो, म्हणून त्याचें नांव ‘प्रिसिजन बास’ ठेवण्यांत आलें. पुढें १९८२ पासून याच कंपनीनें ‘स्क्वायर’ या नांवानें कमी किंमतीचीं वाद्यें काढलीं. इतर कारखान्यांनींहि तोच मार्ग धरला. त्यामुळें हें वाद्य आज मध्यम स्थितींतील विद्यार्थ्याच्याहि आटोक्यांत आलें आहे.

परंतु स्वस्त वाद्य स्वस्त होतें तें कशामुळें? लांकूड कापण्याचें काम आतां यंत्रें करतात आणि तें बऱ्याच अचूकपणें करतात. काटकसर होते ती बहुधा विजेच्या लहानसहान भागांत, आणि त्याहून अधिक, माणसाच्या हाताच्या वेळांत. पडद्यांचीं टोकें घासणें, तारांच्या खांचा नेमक्या खोल करणें, दांडीचा बांक जुळविणें, हीं कामें सावकाशीचीं आहेत; तीं अर्धवट राहतात. असें वाद्य नवशिक्याच्या हातीं पडलें म्हणजे बोटें दुखतात, वरच्या पडद्यांवर स्वर चढा बोलतो, मध्येंच एखादा पडदा खडखडतो. दोष वाद्याचा असतो, पण विद्यार्थी तो स्वतःच्या कानाचा आणि हाताचा समजतो, आणि चार-सहा महिन्यांत वाद्य माळ्यावर जातें. उलट एखादा हौशी गृहस्थ लागलीच महागडे भाग मागवूं लागतो. त्याची गत चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी होते. दोघांनींहि वाद्याची जुळणी करण्यापूर्वींच त्याचा निकाल लावलेला असतो.

पहिला खर्च तारांवर करावा. गोल वेढ्यांच्या तारांचा नाद लखलखीत, तर चपट्या वेढ्यांच्या तारांचा मऊ आणि भरदार असतो. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांवर बास वाजविणारा जेम्स जेमर्सन चपट्या तारा वापरीत असे, आणि त्या तुटल्याखेरीज बदलीत नसे अशी त्याची ख्याति आहे. तारांच्या जाडीबरोबर ताण बदलतो. म्हणून तारा आधीं आणि जुळणी मागाहून, हाच क्रम योग्य.

जुळणींतील पहिलें काम दांडीचें. चार तारा मिळून दांडीवर सुमारें ८० किलोग्रॅमांचा ताण देतात. त्या ताणास तोलून धरण्यासाठीं दांडीच्या पोटांत पोलादी सळई असते. तिला ट्रस-रॉड म्हणतात. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबून धरली म्हणजे ती सरळ पट्टीचें काम करते. अशा वेळीं आठव्या पडद्यापाशीं तार आणि पडदा यांमध्यें सुमारें ०.३ मिलिमीटर फट असावी. कंप पावणाऱ्या तारेला मोकळीक मिळावी, एवढाच या फटीचा हेतु. ती जास्त असल्यास सळई आवळावी, कमी असल्यास सैल करावी. मात्र एका वेळीं पाव फेराच, आणि किल्ली अडली तर मुळींच जोर करूं नये.

दुसरें काम तारांच्या उंचीचें. घोडीवरील बैठकांचे स्क्रू फिरवून सतराव्या पडद्यापाशीं ही उंची २ ते २.५ मिलिमीटर ठेवावी. याहून फार खालीं आणल्यास तार पडद्यांवर आपटते. तंबोऱ्यांत जी झणझण यत्नानें आणावयाची, ती येथें दोष ठरते.

तिसरें काम स्वराचें. बारावा पडदा मोकळ्या तारेच्या अर्ध्यावर येतो, म्हणून तेथें वरच्या सप्तकांतील तोच स्वर निघावा. पण बोटाच्या दाबानें तार किंचित् ताणली जाते आणि स्वर चढतो. यासाठीं त्या पडद्यावर तारेला नुसतें बोट टेकवून निघणारा नाद आणि तार दाबून निघणारा नाद यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीवरील बैठक मागें सरकवून तार लांब करावी; उतरलेला असेल तर बैठक पुढें आणावी. या तिन्ही कामांना एक षट्कोनी किल्ली, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक सायंकाळ पुरते.

आतां विजेचा भाग. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. पोलादी तार चुंबकापाशीं हालली कीं, मायकेल फॅरेडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या नियमानुसार, वेढ्यांत विद्युत् उत्पन्न होते. परंतु हे वेढे घरांतील विजेचा गुणगुणाटहि टिपतात. भारतांत विजेचीं आवर्तनें सेकंदास ५०, आणि सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याच्या स्वराचीं कंपनें ४९. तेव्हां हा पाहुणा ऐन खर्जांत येऊन बसतो. त्यावर दोन उपाय आहेत. वाद्याच्या आंतील पोकळीला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून ती अर्थच्या तारेशीं डाख देऊन जोडली कीं बरीचशी खरखर थांबते. राहिलेला गुणगुणाट परस्परांस उलट अशा दोन वेटोळ्यांच्या पिकअपनें मावळतो. १९५७ पासून प्रिसिजन बासला लावण्यांत आलेला दुभंगलेला पिकअप याच जातीचा आहे. आवाजाचें बटण कुरकुरत असेल तर तें बदलावें. नवा पिकअप मात्र सर्वांच्या शेवटीं, आणि तोहि जुळणी होऊनसुद्धां नाद मनास येत नसेल तरच घ्यावा. काढलेले मूळ भाग जपून ठेवावे.

या संस्कारांनाहि मर्यादा आहे. दांडीलाच पीळ पडला असेल तर नवे भाग घालणें व्यर्थ होय. म्हणून खरेदीच्या वेळींच दांडीच्या टोंकाकडून नजर लावून ती पारखावी. दांडी सरळ आहे एवढी खात्री झाली, कीं कारखान्यानें वाचविलेला वेळ घरच्या माणसानें देणें तेवढें शिल्लक राहतें. घरांतील मूल वाद्य सोडून देण्याच्या बेतांत असेल तर ‘याला गाण्याचें अंग नाहीं’ असा निर्णय देण्यापूर्वीं पालकांनीं ती ०.३ मिलिमीटरची फट एकवार पाहून घ्यावी.