वधूचा चुडा आणि नारळाचा रस

नाताळ आटोपला, की उपवासकाळ सुरू होईपर्यंत आपल्या धर्मग्रामांत विवाहांची एकच धांदल उडते. अशा वेळी विवाहपूर्व मार्गदर्शनाला येणारी जोडपी एक प्रश्न हमखास विचारतात : "फादर, रस, चुडा, उंबराचे पाणी हे प्रकार ख्रिस्ती आहेत का?"

ज्या गोष्टींविषयी कोणीच शंका घेत नाही, त्या प्रथम पाहू. वाग्दत्त वधूला अंगठी देण्याची प्रथा मूळची रोमन. ही अंगठी साधी लोखंडी असे, असे पहिल्या शतकातील लेखक प्लिनी नमूद करतो. वधूचा पदरही रोमनच, आणि तो पांढरा नसून ज्वालेच्या रंगाचा असे. इ. स. ८६६ मध्ये पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात अंगठी, पदर व मुकुट यांचे वर्णन केले. मात्र विवाहासाठी उभयतांची संमतीच पुरेशी आहे, असेही स्पष्ट केले. राहिला पांढरा झगा. तो रूढ झाला, त्याचे बरेचसे श्रेय राणी व्हिक्टोरियाच्या १८४० च्या विवाहाला जाते. पांढरे ते ख्रिस्ती आणि तांबडे ते परधर्मी, ही आपल्याकडील समजूत म्हणूनच गमतीची वाटते. मूळ ख्रिस्ती नाही म्हणून प्रथा त्याज्य, हा निकष लावला तर अंगठीही उतरवून ठेवावी लागेल!

आता आपल्या प्रथा. गोवा व मंगळूरच्या कॅथॉलिक घरांत विवाहाच्या आदल्या दिवशी वधूला व वराला, आपापल्या घरी, नारळाचा रस लावून स्नान घालतात. अविवाहित आयुष्याचा हा निरोप असतो आणि त्यात शुद्धीची भावना असते. मुंबई-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजात स्त्रिया वाजतगाजत विहिरीवर जाऊन स्नानाचे पाणी आणतात, तेच उंबराचे पाणी. गोव्यात चुडा भरला जातो तो मामाच्या घरी. हिरव्या रंगात सुफलतेची इच्छा आहे आणि मामाच्या खर्चात आजोळचा आशीर्वाद आहे. माहेर सोडणाऱ्या मुलीला आपल्या पाठीशी माणसे आहेत, हे याहून चांगल्या रीतीने कसे सांगावे?

या प्रथांनी कठीण काळही पाहिला आहे. गोव्याच्या धर्मसमीक्षण संस्थेने १७३६ च्या फर्मानाने वधूवरांना हळद, खोबरेल आदी लावण्यास आणि लग्नात ओव्या गाण्यास बंदी घातली. वास्तविक विवाहप्रसंगीच्या स्तुत्य स्थानिक चालीरीती जतन कराव्यात, अशी इच्छा ट्रेंट महासभेने १५६३ मध्येच व्यक्त केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात तिचाच पुनरुच्चार केला. फर्मान इतिहासजमा झाले, संस्था १८१२ मध्ये बंद पडली. रस मात्र घरोघरी टिकला.

आमची हरकत प्रथेला नाही, तिला चिकटलेल्या भीतीला आहे. कांकण पिचले की घरात कुजबुज सुरू होते, अपशकुन म्हणून मुलीचा चेहरा उतरतो. कित्येक घरांत विधवेने रस लावू नये असा संकेत आहे. पतीच्या शवपेटीवर चुडा फोडण्याची चालही काही ठिकाणी होती. ज्या चुड्याने मुलीला आशीर्वाद द्यायचा, तोच पुढे तिला अशुभ ठरवतो! पवित्र चिन्हांचे फळ अंतःकरणाच्या वृत्तीला वगळून केवळ बाह्य कृतीत शोधणे ही अंधश्रद्धा होय, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २१११) शिकवतो. मग सौभाग्य काचेच्या टिकण्यावर अवलंबून ठेवणे त्याहून वेगळे कसे?

म्हणून जोडप्यांना आम्ही सांगतो : रस जरूर लावा, चुडा हौसेने भरा. कांकण पिचले तर कासाराकडून दुसरे भरून घ्या. आणि वधूची आई विधवा असेल, तर पहिला रस तिच्याच हातून लागू द्या.