विश्लेषण : एका ‘ड्रीम शॉट’साठी सहा वर्षे का लागतात?

इटलीतील व्हॅलेरिओ मिनाटो या छायाचित्रकाराला १५ डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी हवा तो फोटो मिळाला. तुरिनजवळच्या टेकडीवरील सुपर्गाचे चर्च, त्यामागे मोनव्हिसो पर्वताचे टोक आणि त्याच्याही मागे चंद्र, तिन्ही एका रेषेत. त्यासाठी तो २०१७ पासून प्रयत्न करत होता. ‘नासा’ने हा फोटो २५ डिसेंबरला ‘आजचे खगोलचित्र’ म्हणून प्रसिद्ध केला. आधी डोक्यात तयार झालेली आणि मग वर्षानुवर्षे हुलकावणी देणारी अशी फ्रेम म्हणजे ‘ड्रीम शॉट’. ती इतकी अवघड का असते?

चंद्राचे गणित कसे जुळते?

आकाशात चंद्राचा व्यास सुमारे अर्धा अंश दिसतो. त्यामुळे एखादी वस्तू चंद्राएवढी दिसायची असेल, तर तिच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावर उभे राहावे लागते. म्हणजे १० मीटर उंचीची दीपमाळ चंद्रबिंबात नेमकी बसवायची, तर कॅमेरा १.१ किलोमीटर दूर हवा. तिथून मध्ये झाड, इमारत किंवा डोंगर न येता ती दिसायला हवी, ही पहिली अट.

दुसरी अट वेळेची. पृथ्वीच्या परिवलनामुळे चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. त्याची मावळण्याची जागा रोज बदलते आणि वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते. मिनाटोला चंद्रकोर हवी होती. जागा, कला आणि वेळ हे तिन्ही जुळणारे दिवस मोजकेच आणि त्या दिवशी ढग आले की पुन्हा प्रतीक्षा. मोबाइल अ‍ॅप चंद्राची जागा अचूक सांगते, ढगांची हमी देत नाही.

गणित नसेल तिथे काय?

तिथे संख्या कामी येते. स्कॉटलंडच्या अ‍ॅलन मॅकफेडियन यांना पाण्यात सरळ सूर मारणारा खंड्या हवा होता. चोच पाण्याला टेकलेली, खाली प्रतिबिंब आणि एकही थेंब उडालेला नाही. हा क्षण सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा. २०१५ मध्ये जगासमोर आलेल्या या फोटोमागे त्यांच्या हिशेबाने सहा वर्षे, ४,२०० तास आणि ७ लाख २० हजार क्लिक होते.

कॅमेरा ट्रॅप कसा काम करतो?

माणसाच्या चाहुलीने लपणाऱ्या प्राण्यांसाठी छायाचित्रकार स्वतः बाजूला होतो. वाटेवर सेन्सर लावला जातो. प्राणी समोरून गेला की कॅमेरा आणि फ्लॅश आपोआप चालतात. फ्रेम, फोकस, प्रकाश मात्र आधीच ठरवावे लागतात.

मुंबईचे नयन खानोलकर यांनी आरे वसाहतीत असेच केले. घराच्या भिंतीवरची वारली चित्रे आणि गल्लीतून जाणारा बिबट्या एकाच चौकटीत त्यांना हवा होता. गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यांसारखा वाटेल असा फ्लॅशचा प्रकाश त्यांनी बसवला. चार महिन्यांनी फोटो मिळाला आणि २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. बिबट्या वस्तीत ‘घुसत’ नाही, त्याची नेहमीची वाट वस्तीतूनच जाते, हे त्या एका चित्राने दाखवले.

घाई केली तर काय होते?

याच स्पर्धेत २००९ चा सर्वोच्च पुरस्कार फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. तो लांडगा माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये पुरस्कार रद्द झाला. २०१७ मध्ये रात्री चमकणाऱ्या वारुळाजवळचा मुंगीखाऊ विजेता ठरला. तो पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले आणि २०१८ मध्ये तोही फोटो बाद झाला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. निर्णय बदलले नाहीत.

आपल्याकडे याचा संबंध काय?

मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात काजव्यांच्या फोटोंसाठी गर्दी होते. काजवे चमकतात ते जोडीदाराला खूण करण्यासाठी. गाड्यांचे हेडलाइट, टॉर्च आणि फ्लॅश यांच्या उजेडात ही खूण हरवते. काजव्यांनी भरलेले झाड टिपायला फ्लॅश लागतही नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून शटर बराच वेळ उघडे ठेवायचे, असे अनेक फोटो घ्यायचे आणि नंतर एकत्र करायचे. मात्र असा फोटो प्रसिद्ध करताना तो जोडून केलेला आहे, हे सांगायला हवे.

आज हवे ते चित्र संगणक काही सेकंदांत तयार करून देतो. म्हणूनच मोठ्या स्पर्धा अंतिम टप्प्यात कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात. खंड्या खरोखर तिथे होता, एवढेच त्या फाइलने सिद्ध करायचे असते. सहा वर्षांची किंमत त्या एका गोष्टीसाठी मोजलेली असते.