पांजरापोळ ते परळ: आजारी कुत्र्याची शुश्रूषा

भटक्या कुत्र्यांवरून मुंबईत दंगल झाली ती १८३२च्या जून महिन्यात. बेवारस कुत्री मारण्यासाठी तेव्हाचे सरकार बक्षीस देत असे, आणि त्या लोभाने शिपाई पारशी वस्तीत शिरले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. मृतदेह त्याच्या नजरेखालून जावा, असा त्यांच्या अंत्यविधीचाच एक भाग आहे. लोक चिडले, दुकाने बंद झाली, लष्कराची रसद अडवली गेली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ संस्था उभी राहिली. शहराला नकोशी झालेली कुत्री आणि इतर जनावरे तिथे ठेवून सांभाळायची, अशी ती सोय होती.

पण नुसत्या आसऱ्याने आजार बरा होत नाही. त्यासाठी आणखी अर्धे शतक जावे लागले. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच साली प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी बॉम्बे एसपीसीए स्थापन झाली. पुढच्या दशकात गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय झाले. त्याला त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे नाव दिले गेले. १८८६ मध्ये तिथेच व्हेटर्नरी कॉलेजही सुरू झाले. मुंबईकरांच्या तोंडी हे सगळे मिळून ‘बैलघोडा हॉस्पिटल’. ट्रामचे घोडे गेले, बैलगाड्याही गेल्या. आता तिथे कुत्र्या-मांजरांची ये-जा असते.

आज राज्यात पांजरापोळ आहेत, रुग्णालये आहेत, स्वयंसेवी संस्थांची आश्रयस्थानेही आहेत. तिथे आलेला आजारी कुत्रा वाचतो कसा, हे पाहायचे तर पार्व्होच्या वॉर्डात जावे. हा विषाणू जगाला १९७८च्या सुमारास माहीत झाला. तो दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना सर्वांत जास्त गाठतो. उलट्या, रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू गळून पडते. उपचार न मिळाल्यास दहातली नऊ दगावू शकतात. वेळेवर चांगले उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात.

विषाणूला थेट मारणारे हुकमी औषध सहजी हाताशी नसते. त्यामुळे सगळी भिस्त शुश्रूषेवर. आधी ताप बघायचा: कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ताप वाटेल ते त्याला ठणठणीत. मग हिरड्यांचा रंग. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती उभीच राहिली तर अंगातले पाणी आटले आहे. पुढच्या पायाला पट्टी बांधून सलाइन लावतात. ते पिल्लाने चावू नये, नळीला पीळ पडू नये, सुईपाशी सूज येऊ नये, यासाठी रात्रभर कुणीतरी जागे लागते. उलटी थांबवणारे इंजेक्शन, आतड्यातून रक्तात जंतू जाऊ नयेत म्हणून प्रतिजैविक, आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. पूर्वी पोट पूर्ण रिकामे ठेवत. आता उलट्या आटोक्यात येताच थोडे थोडे अन्न पोटात घालतात, कारण त्याने आतडे लवकर सावरते.

दुसरी लढाई फरशीवर चालते. नेहमीच्या फिनेलला पार्व्हो दाद देत नाही, ब्लीचसारखे कडक जंतुनाशक लागते. वॉर्डाची भांडी, झाडू, गमबूट वेगळे. इथे काम करणारा माणूस निरोगी पिल्लांकडे आधी जातो आणि आजाऱ्यांकडे शेवटी. हा क्रम चुकला तर एका पिल्लाला वाचवताना वीस आजारी पडतात.

डिस्टेंपर हा दुसरा विषाणूजन्य आजार झालेला कुत्रा याहून अवघड. डोळ्यानाकातून चिकट स्राव, मग झटके. बरा झाला तरी काहींचा पाय जन्मभर उडत राहतो. मेंदूवर परिणाम झालेला डिस्टेंपर आणि रेबीज वरवर सारखे दिसू शकतात. म्हणून हातमोजे घालायचेच आणि कर्मचाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली असायला हवी. माया आणि सावधगिरी इथे एकाच माणसाला सांभाळावी लागते. त्यात रस्त्यावरचा कुत्रा माणसाच्या हाताला घाबरतो. त्याच्या डोळ्यांत रोखून न बघता बाजूला बसायचे, रोज त्याच माणसाने त्याच वेळी ताटली ठेवायची. मग तो खातो. खाऊ लागला की औषधही पोटात जाते.

बरा झालेला पार्व्होचा रुग्ण लगेच बाहेर सोडता येत नाही. त्याच्या विष्ठेतून विषाणू पुढेही काही दिवस पडत राहतो. नंतर लस आणि वय झाले की नसबंदी. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेला रस्त्यावरचा कुत्रा सहसा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. म्हणजे शुश्रूषेचा शेवटचा टप्पा रुग्णालयात नसून आपल्या गल्लीत असतो.

आणि पहिला टप्पाही तिथेच असतो. आजारी कुत्रा दिसला तर त्याला घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधे त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. जखमेत अळ्या पडल्या असतील तर रॉकेल, पेट्रोल ओतू नका. फोटो आणि नेमका पत्ता जवळच्या संस्थेला कळवा आणि गाडी येईपर्यंत तिथे थांबा, कारण घाबरलेले जनावर पळून गेले की पुन्हा सापडत नाही. घरच्या पिल्लाचे लसीचे सगळे डोस पूर्ण करा. तुमच्या गल्लीतला कुत्रा उपचारानंतर परत आला तर त्याला हुसकू नका. पाण्याचे एक भांडे ठेवा.